धावणारा बाप आणि प्रेमानाची कात्री

मित्रांनो, माझ्या एका पात्याचं टोक मोडलं आहे आणि मधला खिळा ढिला झाला आहे, तेव्हा मी जुनी कात्री आहे हे वेगळं सांगायला नको. जीभ मात्र अजून धारदार आहे. मी आयुष्यभर कापड कापलं असतं तर तुम्हाला हाक मारली नसती. पण मी एकदा एक गोष्ट कापली आणि शहाणीसुरती माणसं खुर्चीतून उठून उभी राहिली. ते आठवलं की आजही माझं पोलाद शहारतं.

माझा जन्म इटलीच्या डोंगरातल्या प्रेमाना गावचा. तिथे घरोघरी भाते चालतात. ज्या लोहाराने मला घडवलं, त्याने ओल्या रेशमाचा तुकडा एका झटक्यात कापून पाहिला आणि "जा, नाव काढ" एवढंच म्हणाला. तिथून मी तोरिनो शहरात आले आणि सेकोंदिना नावाच्या शिवणकामवालीच्या कमरेला दोरीने बांधली गेले. दहा वर्षं आम्ही दोघी एका तळघरात बायकांचे झगे शिवत होतो. तिथे ऊन यायचं नाही. शेजारच्या दोन मुली खोकून खोकून अंथरुणाला खिळल्या, तेव्हा सेकोंदिनाने ते तळघर सोडलं.

त्या सुमारास शहरात हलत्या चित्रांचे कारखाने निघत होते. एकोणीसशे सात-आठचं साल असेल. फितीचे तुकडे जोडायला हलका हात लागतो, म्हणून त्यांना शिवणाऱ्या बायाच हव्या होत्या. नदीकाठच्या एका कारखान्यात आम्हाला काम लागलं. आठ बाया, लांबलचक मेज आणि भिंतभर खिडकी! फितीचं टोक जिभेने ओलं करायचं, वरचा थर पात्याने खरवडायचा, पिकल्या नासपतीसारखा वास येणारं चिकट पाणी लावायचं आणि दहा मोजेपर्यंत दाबून धरायचं. पहिल्या दिवशी मी फितीतून आरपार पाहिलं. एका बोटाएवढ्या जागेत माणूस हात वर करून उभा होता, त्याच्याखाली तोच माणूस, हात केसभर खाली आलेला. एवढ्याशा फरकांतून चालणंफिरणं उभं राहतं हे पाहून मी गारच पडले.

पण गोष्ट सांगणं अजून कुणाला नीट साधलं नव्हतं. तेव्हाची रीतच अशी, की एका जागी जे घडेल ते सगळं आधी संपवायचं आणि मगच दुसऱ्या जागी जायचं. आमचे दिग्दर्शक सिन्योर गारिल्यो या रीतीचे मोठे अभिमानी. नाकाने कांदे सोलावेत ते त्यांनीच.

त्यांनी एक चित्रपट केला. नदीला पूर येतो, पाणचक्कीच्या माडीवर आई आणि तान्हं मूल अडकतं, पाणी चढतं, शेवटी बाप दार फोडून आत येतो आणि दोघांना वाचवतो. इथवर झकास. पण त्यानंतर पडद्यावर दिसे तो बाप, लांबच्या द्राक्षमळ्यात, पुराची बातमी ऐकून धावायला नुकती सुरुवात करणारा! तो सगळी वाट धावायचा, येऊन तेच दार पुन्हा फोडायचा.

गुरुवारी गावोगावचे थिएटरवाले हा चित्रपट पाहायला आले. बाप मळ्यातून धावत सुटला तसा आस्ती गावचा एक लठ्ठ मालक मोठ्याने म्हणाला, "अरे बाबा, सावकाश ये! बायको कधीच वाचली, आता मक्याचा पोलेंटा ढवळत असेल!"

दुसरा म्हणाला, "हे तर वरातीमागून घोडं!"

सगळे खो खो हसले. सिन्योर गारिल्योंचा चेहरा पांढराफटक पडला. लोक गेल्यावर ते जोडकामाच्या खोलीत आले आणि म्हणाले, "शनिवारी दुपारी ते पुन्हा येणार आहेत. चित्रपट घेतला नाही, तर ही खोली बंद. आठही जणींनी आपापल्या घरी जायचं."

घरी म्हणजे सेकोंदिनाला ते तळघरच. तिच्या बोटांना घाम सुटलेला मला कळत होता. रात्रभर तिने काय विचार केला कोण जाणे, पण शुक्रवारी सकाळी ती थेट सिन्योरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सिन्योर, आई थोडी दाखवू, मग बाप थोडा. पुन्हा आई, पुन्हा बाप. दोघं एकदमच चाललेत ना?"

"धावता माणूस मध्येच कापायचा? लोक विचारतील, गेला कुठे?"

"टाका वर दिसतो, मग कापडाखाली जातो, मग पुन्हा वर येतो. खाली गेला तेव्हा दोरा संपला का, असं कुणी विचारतं का, सिन्योर? तो खालून चाललेलाच असतो."

"बाई, हा सिनेमा आहे, परकर नाही!" ते कडाडले. "एका तुकड्याला हात लावशील तर याद राख."

आणि बारा वाजता ते नेहमीप्रमाणे व्हर्मुथ प्यायला निघून गेले. त्यांचा एक पेला दोन तास चालतो हे सगळ्या बायांना ठाऊक होतं.

सेकोंदिनाने मला दोरीवरून सोडवलं. शेजारची आमालिया मावशी कांदा-भाकर खात होती, तिचा घास हातातच राहिला.

"पोरी, एवढी एकच प्रत तयार आहे. बिघडली तर उद्या दाखवायचं काय, तुझं तोंड?"

"न कापता दाखवली तर काय होतं ते काल पाहिलंच की, मावशी."

"तुझ्या पायी आम्हीही जाऊ."

"नाहीतरी जायचंच आहे. निदान हातावर हात ठेवून नको जायला."

खरं सांगते, तेव्हा मीसुद्धा घाबरले होते. कापड चुकलं तर ठिगळ लावता येतं. इथे तर मी धावत्या माणसाच्या दोन पावलांच्या मधोमध येऊन उभी होते. सेकोंदिनाने डोळे मिटले नाहीत. तिने मला दाबलं आणि बाप हवेत पाय उचललेला तसाच थांबला.

मग ती थांबलीच नाही. फीत हातावर मोजायची, एक श्वास घ्यायची आणि कापायची. आईचे तुकडे आणि बापाचे तुकडे तिने खिडकीतल्या दोरीवर चिमट्यांनी टांगले. आधी दहा हातांचा तुकडा, मग सहा, मग तीन. दार जवळ आलं तसे दीड-दीड हाताचे. दार दोनदा फुटत होतं, त्यातलं एक तिने काढून बाजूला ठेवलं. आमालिया मावशीने भाकर गुंडाळून ठेवली आणि चिकट पाण्याची बाटली पुढे सरकवली. मग बाकीच्या सहाही जणी आल्या.

सिन्योर परतले तेव्हा बाप अजून दोरीवर लोंबकळत होता. त्यांनी दोरीवरचे चिमटे एकेक करून मोजले. शेवटी खुर्चीत बसून ते एवढंच म्हणाले, "आता कापलंच आहे तर जोडा."

शनिवार उजाडला. काळे पडदे लावलेल्या खोलीत थिएटरवाले बसले. सेकोंदिना दाराशी उभी होती आणि मी तिच्या कमरेला. आस्तीच्या मालकाने आधीच हसायची तयारी करून चिलीम पेटवली होती.

पडद्यावर पाणी उंबऱ्याला लागलं. बाप मळ्यातून धावू लागला. पाणी आईच्या गुडघ्याला. बाप पुलावर. कुणीतरी खाकरलं, मग तेही बंद झालं. पाणी कमरेला, आईने मूल डोक्यावर धरलेलं. बाप चिखलात पडला. आता खोलीत नुसती यंत्राची टकटक ऐकू येत होती. मित्रांनो, माझा तर विश्वास बसेना! बाप दिसत नव्हता तेव्हाही तो धावत होता. मी कापलेल्या फटींतून, कुणालाही न दिसता, त्या सगळ्यांच्या छातीतून धावत होता. आस्तीच्या मालकाची चिलीम विझली होती आणि तो पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभा होता.

आणि तेवढ्यात दाराशी कुणीतरी ओरडलं, "धाव रे, धाव!"

ती सेकोंदिना होती. प्रत्येक तुकडा तिनेच मोजला होता. दार फुटणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मुठीत मी घट्ट आवळली गेले होते. एवढी मोठी जादू मी पुन्हा पाहिली नाही.

खोली बंद झाली नाही. चाळीस प्रती निघाल्या. सिन्योर सगळ्यांना सांगत सुटले, "मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो." बाया तोंडावर हात धरून हसल्या. पुढे ऐकलं, की दूरदूरच्या देशांतही कुणी कुणी हीच वाट शोधत होतं. असू दे. आमच्या खोलीला ती परकरातून सापडली. त्यानंतर चित्रण करण्याआधी सिन्योर स्वतः येऊन विचारू लागले, "सेकोंदिनाबाई, तुकडे कसे हवेत?" पडद्यावर तिचं नाव मात्र कधी आलं नाही.

वीसेक वर्षांनी चित्रं बोलू लागली आणि मुक्या फिती कुणाला नकोशा झाल्या. सेकोंदिनाला निरोप मिळाला. त्या गडबडीत मी मेजाच्या खणातच राहिले. जुन्या फिती वितळवून त्यातली चांदी काढणारे लोक आले, त्यांना मी आयतीच सापडले. मोठ्या पिंपात बसावं म्हणून ते फितींचे तुकडे करत. एका दुपारी माझ्या पात्यांत एक ओळखीचा माणूस आला. बाप पुलावर पोचला होता.

मी अडून बसले. त्या खटपटीतच माझं टोक मोडलं. पण कापणाऱ्या कामगाराचा हात दांडगा होता, त्याने बाप कापलाच.

इतक्यात मला शोधत सेकोंदिना आली. तिने फीत उजेडात धरली आणि विचारलं, "यात काय आहे पाहिलंस का?"

"चांदी आहे, मावशी," तो कामगार म्हणाला. बिचारा खोटं बोलत नव्हता.

"कात्री माझी आहे," ती म्हणाली. तिने मला काढून घेतलं, पण उरलेली फीत तिला कुणी दिली नाही. त्या दिवशी पाणी चढत राहिलं आणि बाप पोचला नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. कुणाच्या माळ्यावर, कुठल्या बंद थिएटरच्या कोपऱ्यात गंजका डबा सापडला, तर भंगारात घालू नका. जाणत्या माणसाकडे न्या. आमच्या चाळीस प्रतींपैकी एखादी कुठेतरी उरली असेल. तिच्यात तो अजून धावतो आहे, आणि त्याला पोचायचं आहे.