सात टोले

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. माझे भाऊबंद बल्लारपूरकडे आगगाड्या अंगावर घेतात. मला मात्र १९५३ साली अहेरीच्या वाटेवरच्या एका लहान दवाखान्यात आणले आणि अंगणातल्या कडुनिंबाला तारेने टांगले. मी चिडका आहे, हे आधीच सांगतो. माझी हकीकत ऐकाल तर तुम्हीही चिडाल.

दवाखान्याचा नियम सोपा होता. तीन टोले पडले की कंपाउंडरने यायचे. सात पडले की हातातले टाकून सगळ्यांनी धावायचे, कारण कोणाचा तरी जीव जातो आहे. चपराशी लटारू हातोड्याने मला बडवी. पहिल्या वर्षी माझा काय मान होता! गावातल्या मुखरूला साप डसला तेव्हा डॉक्टर जेवणावरून उष्ट्या हाताने धावले होते. मुखरू वाचला.

मग एकदा तपासणीचे साहेब न सांगता आले आणि डॉक्टर नुसत्या बनियनवर सापडले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लटारूला हुकूम दिला, "साहेबांची जीप नाल्यापाशी दिसली की सात टोले दे."

"अन् पेशंट मराले टेकला त किती देऊ?"

"तेव्हाही सातच."

झाले! त्या वर्षी साहेबांना आमचे जंगल फार आवडू लागले. सात टोले पडले की नर्स वच्छलाबाई चादरी ताणत, कंपाउंडर झेंडूचा हार शोधी आणि डॉक्टर कोट चढवीत. मी ओरडून थकलो, पण लोखंडाचे ऐकतो कोण?

पुढच्या उन्हाळ्यात मोहफुले वेचताना सोमारीला अस्वलाने फाडले. तिचा नवरा लालसू आणि तिघे जण तिला खाटेवर घालून दोन कोस चालत आले. खाटेखालून रक्त ठिबकत होते. भर सकाळची वेळ, सगळे आपापल्या जागी हजर. लटारूने सात टोले दिले.

कोणी धावले नाही. आतून चादरी झटकल्याचा आवाज आला. लटारूने पुन्हा सात दिले, पुन्हा सात. मग हातोडा टाकून तो डॉक्टरांच्या खोलीकडे पळत सुटला, "साहेब नाई आला जी! बाई मरून राह्यली!"

डॉक्टर बाहेर आले तेव्हा कोटाची शेवटची गुंडी लावत होते. "जीप कुठे आहे?" त्यांनी विचारले. मग त्यांना खाट दिसली. त्यानंतर त्यांनी जिवापाड धडपड केली, पण ती वरातीमागून घोडे. दुपारी सोमारी गेली.

डॉक्टर खाली मान घालून म्हणाले, "जरा आधी आणायला हवं होतं."

"आणलं होतं ना, डाक्टर," लालसू म्हणाला. "तुमी कोट घालून राह्यले होते."

डॉक्टरांनी अंगातला कोट उतरवला. साहेबांसाठी टोले देणे त्याच दिवशी बंद झाले. पण गेलेली पत परत येते थोडीच! आजही लालसूच्या गावाहून कोणाला खाटेवर आणतात, तेव्हा एक जण पुढे पळत येतो आणि थेट डॉक्टरांच्या दारावर थापा मारतो. तो माझ्या शेजारून जातो, पण माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मला फार लागते ते.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझ्यासारखे कोणी टांगलेले असेल. साहेबांच्या स्वागताला हवे तर ढोल बडवा, ताशे बडवा. आम्हाला तेवढे मरणाऱ्या माणसासाठी राहू द्या.