चोविसावी टाचणी

तिला सगळे तिबार म्हणत. कुलूप लावलं तरी तीनदा ओढून बघायचं, नळ बंद केला तरी तीनदा पिळायचा. मग दुसरं काय म्हणणार? शिवणकामात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

तिथेही तिचा नेम होता. टाचण्या खोचायच्या उशीत त्या बरोबर चोवीस. कपडा शिवून झाला की त्या काढून मोजायच्या आणि चोवीस भरल्याशिवाय कपडा दुकानाबाहेर सोडायचा नाही. वीस वर्षांचा हा नेम मोडला तो घरच्याच कामात. धाकट्या बहिणीच्या तान्हुलीचा त्या सकाळी बाप्तिस्मा होता. पांढऱ्या झग्याला शेवटचं बटण लावून तिबार पाणी प्यायला आत गेली नाही, तोच मेहुणा आला आणि झगा उचलून पसार झाला. या माणसाला दम म्हणून कसा तो नाहीच!

टाचण्या तेवीस भरल्या. परत मोजल्या, तेवीसच. फरशीवर लोहचुंबक फिरवलं, तर एक गंजका हूक तेवढा चिकटला. बहिणीला फोन लावला, तो बंद. उपासनेला बसलेली माणसं फोन बंदच ठेवणार. ती तशीच चपला अडकवून चर्चकडे पळत सुटली.

पोचली तेव्हा गाणं चालू होतं आणि पुढच्या बाकावर बहिणीच्या मांडीवर बाळ, अंगात तोच झगा. तिबार मागच्या बाकावर टेकली. उठून सांगावं तरी कसं? गेल्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात ऐन शपथेच्या वेळी "इस्त्री चालू राहिली!" म्हणून ती ओरडली होती. चार माणसं घराकडे धावली आणि इस्त्री सापडली कपाटात, थंडगार. तेव्हापासून बहिणीने बजावलं होतं, "ताई, माझ्या कार्यात तेवढं असलं काही करू नकोस." बाप्तिस्म्यात बाळाला हातात धरणारी धर्ममाता तू हो, असंही बहीणच म्हणाली होती. हिनेच नको म्हटलं. बाळ हातातून निसटलं तर?

पाळकसाहेबांनी बाळाला पुढे बोलावलं. आता कोणी ते लेकरू छातीशी घट्ट धरील आणि टाचणी... तिबारला दरदरून घाम फुटला. रोज ती एकच मागणं मागायची, प्रभू, माझी भीती काढून घे. आज तेवढाही धीर उरला नव्हता. "प्रभू, भीती राहू दे हवी तर," ती पुटपुटली, "पण मला उठव."

आणि ती उठली.

"थांबा! झग्यात टाचणी असेल!"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बहिणीचा चेहरा लालबुंद झाला, पण तिने निमूटपणे झगा काढून बाळाला शालीत गुंडाळलं. तिबारने शिवण न् शिवण चाचपली. काही नाही. उलटा करून परत चाचपली. काही नाही. लाजेने मान वर होईना. हात मात्र सवयीने तिसऱ्यांदा गळ्यापाशी गेले.

"बाई," पाळकसाहेब हळूच म्हणाले, "दोनदा तुम्ही पाहिलंत. तिसऱ्यांदा पाहायचं प्रभूवर सोडा की."

हात थांबले.

"हसताय काय?" बहीण मागे वळून कडाडली. "टाचणी निघाली असती म्हणजे?" मग तिने बाळाला झगा चढवला आणि डोळे पुसत म्हणाली, "ताई, तूच धर हिला."

तिबारने धरलं. पाळकसाहेबांनी बाळाच्या कपाळावर पाणी ओतलं आणि बाळाने किंकाळी फोडली. तिबारच्या काळजाचा ठोका चुकला. पाणी, की टाचणी? बोटं झग्याकडे वळली, पण तिने ती बाळाच्या पाठीशीच दाबून ठेवली. बाळ हुंदके देता देता थबकलं, जीभ काढून ओठावर ओघळलेला थेंब चाटला आणि तिच्याकडे टकमक बघू लागलं. तिबारला हसू फुटलं. भर चर्चमध्ये, मोठ्याने. किती वर्षांनी ती अशी हसली, तिलाच आठवेना. आनंद असा गळ्यापर्यंत आला होता.

दुपारी परतली, तर दुकान सताड उघडं! सकाळच्या घाईत कुलूप लावायचंच राहिलं होतं. आत सगळं जागच्या जागी होतं. चोविसावी टाचणी मात्र आजतागायत सापडलेली नाही.

तिने कुलूप लावलं. एकदा ओढलं. दुसऱ्यांदा ओढलं. मग किल्ली कमरेला खोचली आणि घरी गेली.