कॅसेटमधली कोरी जागा

मित्रांनो, मी कळव्यातला एक जुना टेपरेकॉर्डर. १९८४ साली कारखान्यातून निघालो आणि खाडीकाठी चंद्रभागाबाईंच्या घरी आलो. हळदीच्या गाण्यांनी मी अंगण दणाणून सोडायचो. पुढे टीव्ही आला आणि मी कपाटावर धूळ खात पडलो.

दहा वर्षांनी चंद्रभागाबाईंना विसर पडू लागला. नवरा कधीच गेला होता, तरी दुपारी त्या त्याची होडी बघायला निघायच्या. एकदा शेजाऱ्यांनी त्यांना गुडघाभर चिखलातून ओढून काढलं. लेक कांता दिवसभर ठाण्याला कचेरीत. तिचा भाऊ परशुराम म्हणाला, "उद्यापासून बाहेरून कडी लाव."

"आई आहे रे ती, कोंबडी नाही," कांता म्हणाली. "आठ दिवस दे मला."

तिने मला पुसलं आणि कॅसेटवर आपला आवाज भरला. 'आई, जेव. बाहेर जाऊ नकोस.' दुपारी शेजारच्या आवडाबाईंनी बटण दाबलं मात्र, चंद्रभागाबाई ओरडल्या, "पोर आत कोंडली गो!" आणि सुरीने माझं झाकण उचकटू लागल्या.

कांताने ते हुकूम पुसले. प्रश्न भरले आणि प्रत्येक प्रश्नापुढे कोरी जागा सोडली. 'आई, मी कचेरीत आहे. आज चवथ. भरती कधी गं?' पुढे माझ्यात कॅसेट नुसतीच फिरत राहिली.

"तिथीची पाऊणपट. चवथ, म्हणजे तीन वाजता," चंद्रभागाबाई ठसक्यात म्हणाल्या. "कोळ्याची पोर ना तू?" मग जाळ्याची गाठ, बोंबील वाळवणं... दुपार कशी सरली, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तीच कॅसेट लागली. "चवथ काल झाली! येरी-खुळी झाली काय ही? बघून येते," म्हणत त्या चपला शोधू लागल्या. लेकीचं नाव त्या कधीकधी विसरत, तिथी नाही.

आवडाबाईंनी झटकन माझं आवाज भरायचं लाल बटण दाबलं. "जातेस कुठं? इथंच सांग तिला."

"कांते, आज पाचम," त्या माझ्यात बोलल्या. "पावणेचार."

तेव्हापासून कांता रोज सकाळी नवे प्रश्न भरायची, दुपारी कोऱ्या जागी आवडाबाई लाल बटण दाबायच्या आणि संध्याकाळी कांता आईची उत्तरं ऐकायची. नवव्या दिवशी परशुराम आला. त्याने उत्तरं ऐकली आणि कडीचं नाव काढलं नाही. उलट म्हणाला, "उद्या माझा पण एक प्रश्न भर."

चंद्रभागाबाई तीन वर्षांनी आपल्याच खाटेवर वारल्या. तोवर त्यांच्या दाराला बाहेरून कडी एकदाही लागली नाही.

मित्रांनो, घरातलं माणूस विसरू लागलं, तर त्याला नुसतं सांगत राहू नका. विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.