कटल्याच्या कानातला खडा

बारामतीच्या शाळेच्या वसतिगृहात आल्यापासून रुक्सारशी जेवताना कुणी बोललंच असेल, तर ती सुकन्या. तेही काय, तर, "तुझे अब्बा म्हणे शेततळ्यातले मासे उजनी धरणातले म्हणून विकतात!" सगळं टेबल खदाखदा हसलं होतं.

थांबा, दाखवतेच, असं रुक्सारनं तिथंच ठरवलं. जवळच्या कॉलेजात लेझरचं यंत्र आलं होतं आणि शाळेतल्या मुलांना शनिवारी तिथं नमुना तपासून मिळायचा. माशाच्या कानात बारीक खडा असतो. झाडाच्या खोडासारखा तो थराथरानं वाढतो आणि मासा ज्या पाण्यात राहिला त्याची खूण थरात राहते. सुट्टीला धरणाकाठच्या डाळजला घरी गेल्यावर रुक्सारनं कालवणातलं, अब्बांनी आणलेल्या कटला माशाचं डोकं चोखलं आणि खडा डबीत घातला.

शनिवारी कॉलेजातल्या रोहिणीमॅडमनी खड्यावर लेझर सोडला. खड्याची धूळ उडाली, वायूबरोबर यंत्रात गेली आणि यंत्र त्यातली मूलद्रव्यं वजनावरून वेगळी काढू लागलं. पडद्यावर सोडियमची रेघ थेट वर चढली.

"हे काय गं? मीठ?"

"खडा कालवणातलाच हाय, मॅडम. आमी डोकं टाकत न्हाय."

मॅडमना हसू आवरेना. त्यांनी खडा धुतला, घासून मधला ठिपका उघडा केला आणि तिथून कडेपर्यंत पुन्हा लेझर फिरवला. पाण्यागणिक कमीजास्त होणाऱ्या स्ट्रॉन्शियमची रेघ सुरुवातीला जरा खाली होती, मग वर गेली ती शेवटपर्यंत तिथंच.

"उजनीच्या चिलापी माशाचीही रेघ एवढीच वर आली होती. तुझा मासा धरणातच वाढलाय. फक्त अगदी लहानपणी दुसऱ्या पाण्यात होता."

कागद घेऊन रुक्सार धावतच जेवणघरात आली. "हे बघ, सुकन्या! धरणातलाच!"

"काय धरणातलं?"

"मासा. तू म्हणाली होतीस की."

"मी? कधी गं?" सुकन्या म्हणाली आणि शेजारणीकडं वळून वरण मागू लागली.

रुक्सारनं बाहेर येऊन वॉर्डनबाईंच्या फोनवरून अब्बांना सगळं सांगितलं.

"व्हय की," अब्बा म्हणाले. "बीज म्हंजी बारकी पिल्लं टाकीत वाढवत्यात, बोटाएवढं झालं की धरणात सोडत्यात."

"मग त्याला तितं करमतं का, अब्बा?"

पलीकडं बाजाराच्या गलक्यात अब्बांनी गिऱ्हाईकाला थांबायला सांगितलं. "तुला करमतंय नव्हं?"

"लय करमतंय!" ती मोठ्यानं म्हणाली आणि अब्बांनी फोन ठेवू नये म्हणून घाईनं विचारलं, "आज जाळ्यात काय काय घावलं?"