नाव पुकारलं तेव्हा

त्या सकाळीही नूरियाने तंदूर पेटवला होता. चौथी भाकरी लावताना तिला दम लागला आणि ती तिथेच राखेजवळ बसली.

"बशीरची आई, उठतेस ना?" मुकबिलने विचारलं.

"उठते. श्वास तेवढा येऊ दे."

बशीर जन्मल्यापासून बावीस वर्षांत त्याने तिला दुसरी हाक मारली नव्हती. बशीर लढाईवर गेला, दोन वर्षं त्याची खबर नव्हती, तरी ती बशीरची आईच होती. बायकोचं नाव उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही, हे मुकबिल बापाकडून शिकला होता.

पाण्याचे डबे वाहायच्या हातगाडीवर त्याने तिला निजवलं. मोठ्या रस्त्यावर गोळ्या चालू होत्या, म्हणून मागच्या गल्ल्यांतून नेलं. तैझ शहरातल्या इस्पितळाची अर्धी इमारत तोफांनी पाडली होती. उरलेल्या अर्ध्यात साथीचे रोगी होते. फाटकावर पहारेकरी हमूद वही घेऊन बसला होता.

"नाव?"

मागे ओळखीची माणसं उभी होती. मुकबिलने घसा साफ केला. "बशीरची आई."

"आत तीन बशीरच्या आया आहेत!"

"मग चौथी लिही."

माणसं हसली. नर्स नूरियाला धरून आत नेऊ लागली. दारात तिने मागे पाहिलं. "तंदूरवर झाकण घातलंस ना?"

"घातलं," तो म्हणाला. घातलं नव्हतं.

इस्पितळात ऑक्सिजन नव्हता. जो आणेल त्याच्या माणसाला मिळायचा. वेल्डिंग करणाऱ्या एका मित्राने आपलं शेवटचं सिलिंडर दिलं. ते हातगाडीवर घालून मुकबिल दुपारी परत आला.

"आत कुणाला सोडत नाही," हमूद म्हणाला. "आतून नाव पुकारतील, तेव्हा पुढे ये."

तो सिलिंडर गुडघ्यांत धरून भिंतीशी बसला. शेजारी त्याच्याच गल्लीतला न्हावी अब्दू गालिब होता. थोड्या वेळाने फाटकावरचा कर्णा घरघरला.

"नूरिया अहमद सैफ! नूरिया अहमद सैफचं माणूस, सिलिंडर घेऊन या!"

तिने आत आपलं नाव स्वतःच सांगितलं होतं.

मुकबिलचे कान तापले. चाळीसेक पुरुष इकडेतिकडे बघू लागले.

"घ्या!" अब्दू म्हणाला. "कुणाची अब्रू चव्हाट्यावर आली? धनी कुठे तोंड लपवून बसलाय?"

सगळे हसले. मुकबिलही हसला.

दुसऱ्यांदा नाव आलं. अब्दू नमाजाला उठला की हळूच जाऊन हमूदला सांगू, असं त्याने ठरवलं. अब्दू उठेना. तिसऱ्यांदा हाक मारणाऱ्या बाईचा आवाज चिरकला. मग कर्ण्यातून एका पुरुषाचं नाव आलं, आणि त्याचा मुलगा सिलिंडर खांद्यावर घेऊन पळत सुटला.

अब्दू हातपाय धुवायला गेला तेव्हा मुकबिलने गाडी फाटकाशी लोटली.

"नूरियासाठी आहे."

"मोठ्याने बोल."

"नूरिया. माझी बायको."

हमूदने आत आवाज दिला. नर्स बाहेर आली. तिने सिलिंडरकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तीनदा पुकारलं, बाबा. कुठे होतात?"

"इथेच."

तिने सिलिंडरवर हात ठेवला. मग म्हणाली, "हे दुसरीला लावू?"

त्याने मान डोलावली.

दफनाच्या वेळी इमामांनी बशीरच्या आईसाठी दुआ मागितली. "नूरिया," मुकबिल म्हणाला. "तिचं नाव नूरिया अहमद सैफ होतं." खड्ड्यापाशी उभ्या चौघांनी माना खाली घातल्या. अब्दूनेही.

घरी तंदूरमध्ये भाकरीचा कोळसा झाला होता.

तेव्हापासून मुकबिल रोज त्या फाटकावर जातो. बाईचं नाव पुकारलं आणि कुणी उठलं नाही, की माणसामाणसाला विचारतो. लोक त्याला वेडा म्हणतात. एकदा दोघांनी त्याला मारलंही.

काल कर्णा घरघरला. "फातिन अली नासिर! सिलिंडर घेऊन या!"

कुणी हललं नाही. भिंतीशी तिशीचा एक माणूस आपल्या चपलांकडे बघत बसला होता. गुडघ्यांत सिलिंडर होतं. मुकबिल त्याच्याजवळ टेकला.

"माझ्या बायकोचं नाव नूरिया होतं. मी इथेच बसलो होतो, तुझ्यासारखा. ऊठ."

"ती माझी नाही, काका."

दुसरी हाक आली. मुकबिलने सिलिंडरला हात घातला. "तू बस. मी नेतो."

त्या माणसाने दोन्ही हातांनी ते घट्ट आवळलं. डोळे भरले होते.

"हात काढा, काका," तो पुटपुटला. "लोक बघताहेत."

लोक बघतच होते. तिसरी हाक अजून यायची होती.