हळदीबाबाचं फडकं

"लाल झालं! लाल झालं!"

केजच्या रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये गर्दी एकदम ओरडली. कुणी हात जोडले, कुणी तिथंच लोटांगण घातलं. हळदीबाबानं पिवळ्या फडक्यानं रोहिणीचं तोंड पुसलं, वर तांब्यातलं तीर्थ शिंपडलं, आणि फडकं सगळ्यांदेखत लालभडक झालं! रोहिणी पोटावर हात ठेवून फडक्याकडं बघत होती.

"करणी हाय, माय, करणी!" बाबा गरजला. "भावकीतल्याच बाईनं घातलेली!" कुणाची भावकी, कुठली बाई, ते बाबा कधीच सांगत नसे. सांगणार तरी काय, कपाळ!

रोहिणीची सासू सुंदरबाई शेजारीच बसली होती. बाई जात्याच संशयी. दूधवाल्याच्या मापावर संशय, जीपवाल्यावर संशय, अंबाजोगाईच्या डॉक्टरीणबाईंवर तर लईच. सुनेला सातवा महिना लागलेला, खोकला थांबेना, संध्याकाळी बारीक ताप, वजन वाढायचं सोडून उतरत चाललेलं. डॉक्टरीणबाईंनी बेडका तपासला, पोट झाकून छातीचा फोटो काढला आणि टीबीच्या गोळ्या दिल्या. "पोटुशीला इतक्या गोळ्या? लेकरू जगंल का?" म्हणत सुंदरबाईनं त्या ज्वारीच्या कोठीत दडवल्या आणि सुनेला इथं आणलं.

बाबानं आता फडक्यावर लिंबू पिळलं. लाल रंग विरला, फडकं पुन्हा पिवळं!

"पळाली करणी! पन गोळीला हात लावला तर माघारी येईल, लेकरू आतल्या आत जळंल!"

जयजयकार झाला. त्यातच रोहिणीला खोकल्याची उबळ आली, पार वाकून गेली बिचारी. सुंदरबाईच्या मनात पाल चुकचुकली. फडकं बरं झालं, सून कुठं झाली?

आणि तो लाल रंग! तिच्या माहेरी घरीच कुंकू करायचे. हळदीला चुन्याचं पाणी लागलं की असाच रंग चढायचा. त्यावर लिंबाचा रस सांडला की पुन्हा पिवळा. मग बाप सगळ्यांना शिव्या घालायचा.

ती उठली. बाबापुढच्या ढिगातलं एक कोरं पिवळं फडकं उचलून तिनं स्वतःचं तोंड पुसलं. पिवळंच राहिलं. मग कुणी हात धरायच्या आत ते तांब्यात बुचकळलं. लालभडक!

"मला खोकला न्हाई, ताप न्हाई," ती गर्दीकडं वळून म्हणाली. "मग करणी माझ्यावर हाय का ह्या तांब्यावर? अवो, फडक्याला हळद हाय, तीर्थात चुना हाय. तुमीबी घरी करून बघा."

"बाई, देव कोपंल!" बाबा खवळला.

"देव कावून कोपंल? कोपले तर तुमी. घ्या, घोटभर तीर्थ पिऊन दाखवा."

बाबानं तांब्या मागं सरकवला. तेवढ्यात मागच्या बायांमधून आणखी दोघी खोकताना ऐकू आल्या, तशी सुंदरबाई त्यांच्याकडं वळली.

"माझं ऐका गं," ती म्हणाली. "मीबी चुकलेच. खोकला हटत नसंल तर दवाखान्यात जा. फडकं नका तपासू, बेडका तपासा."

घरी जाऊन तिनं कोठीत कोपरापर्यंत हात घालून गोळ्या काढल्या आणि मुलगा अंगद याला जीप सांगायला लावली. अंबाजोगाईला तिनं सगळं कबूल केलं, पण प्रश्न काही सोडले नाहीत. गोळ्यांनी लेकराला काय होईल? पाजायचं कसं?

डॉक्टरीणबाई एकेक उत्तर देत गेल्या. "गरोदरपणात ह्या गोळ्या चालतात, आजी. टीबी तसाच राहिला तर आईलाही धोका, बाळालाही. तोंडाला मास्क लावून पाजता येईल. बाळालाही आम्ही तपासू. फक्त मधेच सोडायच्या नाहीत."

बाहेर आल्यावर रोहिणी हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमी लईच विचारलं. चिडल्या असतील."

"न्हाई चिडल्या," सुंदरबाई म्हणाली. "चिडला तो बाबा. त्याला तर मी एकच विचारलं व्हतं."

आणि तिनं गोळी नि पाण्याचा पेला सुनेच्या हातात दिला.