पायाळू बाईची पाठ

पडद्याच्या कडेला सेंटिमीटरच्या खुणा होत्या. दुसऱ्या खुणेच्या थोडी खाली एक पांढरी रेघ श्वासाबरोबर हळूच सरकत होती. श्वास घेतला की एकीकडे, सोडला की परत. जयवंताबाई पालथ्या पडून तिच्याकडेच बघत होत्या.

"ते काय हलून राहिलं, बाई?"

"फुप्फुसाचं आवरण, मावशी," डॉक्टर शिवानी म्हणाल्या. "सुई तिथवर जाऊ नये म्हणून तर ही सोनोग्राफी."

सौंसरच्या या दवाखान्यात यायला जयवंताबाईंनी चार वर्षं लावली. उजव्या खांद्याच्या फऱ्याखालचं दुखणं झोपू द्यायचं नाही, सून तृप्ती सांगून थकली. पण त्या पायाळू. जन्मताना आधी पाय बाहेर आलेल्या. त्यांच्या गावात, तिगावात, कुणाच्या पाठीत उसण भरली की तो त्यांच्या ओसरीवर येऊन ओणवा व्हायचा. त्या उजव्या हातानं डोक्यावरचं लाकडी आडं धरून डावा पाय त्याच्या पाठीवर तीनदा टेकवायच्या. माणूस वयानं मोठा असला, तर मग त्यालाच वाकून नमस्कार करायच्या. चाळीस वर्षं हे चाललं होतं. अशा बाईनं स्वतःच्या पाठीत सुई घ्यायची?

थोरली जाऊ अलका तर निघतानाच म्हणाली होती, "सोनोग्राफी? ह्या वयात? पेढे कवा देशीन मंग?" आणि हसू ओसरल्यावर, "गावाची उसण तू काढतं, तुही कोण काढन व?"

"आता हलू नका."

सुई पडद्यावर तिरपी उतरली, उजेडाच्या काडीसारखी. स्नायूचे थर कापसाच्या पेळूसारखे लांबवर ओढलेले होते. आखडलेल्या पट्ट्याला टोक लागलं आणि पाण्यात मासोळी वळावी तसा तो एकदाच फडफडला. मग औषध काळ्या डागासारखं पसरत गेलं.

पाठ बधिर होत गेली तशी तळपायाला जाग आली. पाठी आठवू लागल्या. स्टेशनवर पोती उतरवणाऱ्यांच्या रुंद पाठी. संत्री तोडताना शिडीवरून घसरलेल्या बाईची. अंग चोरणाऱ्या नव्या नवरीची. सगळ्या संथपणे पायाखालून वाहत होत्या, आणि अगदी तळाशी आईची पाठ होती, दोन दिवस कळा सोसून वाकलेली. ह्या पायांनी मले छळलं, आता लोकांची दुखणी काढू दे, असं आई हसत सांगायची. त्यावर जयवंताबाईंना कधी हसू आलं नव्हतं.

"बाई, पोटातलं लेकरू ह्यातच दिसते नं?"

"ह्याच यंत्रात."

"डोकं खाली हाय का पाय, तेबी?"

"हो. आधीच कळतं. मग तशी तयारी ठेवता येते."

"माह्या आईले पाहिजे होतं हे."

रेघ सरकत होती. पायाळू म्हणजे एका लेकराची पोटात राहायची तऱ्हा, जयवंताबाईंच्या मनात आलं. पडद्यावर दिसली असती, एवढंच. त्यात पायांचा गुन्हाही नव्हता आणि गुणही नव्हता. अंगावरून कुणी ओली चादर उचलून न्यावी तसं त्यांना वाटलं.

डॉक्टरांनी जेल पुसलं. "मावशी, हात वर धरून रोज काय करता तुम्ही? कापूस वेचते म्हणालात. कापूस काय झाडाच्या शेंड्याला लागतो तुमच्याकडे?"

शेजारी उभ्या तृप्तीनं हसू लपवायला पदर तोंडाला लावला.

"औषधानं सैल होईल," डॉक्टर म्हणाल्या, "पण तेच काम चालू राहिलं तर पुन्हा आखडेल."

जयवंताबाई उठून बसल्या. तेवढ्यात तृप्तीचा फोन वाजला. ती ऐकत राहिली, मग फोनवर हात ठेवून म्हणाली, "आई, गुणवंताभाऊ ओसरीवर येऊन बसले. उसण भरली म्हणे. तुम्ही कवा येता, इचारून राहिले. काय सांगू?"

जयवंताबाईंनी पाय खाली सोडले. दोन्ही पाय गार फरशीला टेकले.

"त्याले म्हणा, डॉक्टरकडे जाय," त्या म्हणाल्या. "मी आता कोणाले पाय लावणार नाही."